गॅलरीतून जे दिसलं, तेवढंच

(पत्र थोडं आटोपशीर करून छापलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

ताई, नमस्कार.

आम्ही बदलापूर पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहतो. आमच्या गॅलरीतून दोन इमारतींच्या फटीत रूळ दिसतात. २० ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जे झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. सकाळी मी स्वतः शाळेच्या गेटवर गेले होते. माझी लेक त्या शाळेत नाही, पण ती आठ वर्षांची आहे. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाले आणि तक्रार द्यायला गेलेल्या आईवडिलांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवलं, हे कळल्यावर घरात बसवेना. गेटवर सगळ्या माझ्यासारख्याच बायका होत्या. कुणी ऑफिसचा डबा घेऊन तशीच थांबलेली, कुणी कडेवर मूल घेऊन. लोक रुळांवर उतरायला लागले तेव्हा मी घरी आले.

नंतरचं सगळं गॅलरीतून पाहिलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास पोलिसांनी रूळ मोकळे करायला लाठीमार केला आणि खडी उडायला लागली. एक हवालदार कपाळाला रुमाल दाबून समोरच्या मेडिकलच्या पायरीवर येऊन बसला. थोड्या वेळाने अठरा-वीस वर्षांचा एक मुलगा आमच्या जिन्यात पळत आला. त्याने आमचं दार वाजवलं. मी उठले, तर सासऱ्यांनी हात आडवा घातला. तो बराच वेळ जिन्यात बसून होता, मग गेला. सकाळी पायरीवर वाळलेलं रक्त होतं. ते मी पुसत असताना लेक दारात उभी होती.

मी चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा पकडलेल्यांत होता, आता जामिनावर आहे. काकू म्हणतात, त्याने दगड मारला नाही, तुझ्या व्हिडिओत दिसत असेल तर दे. व्हिडिओत तो दिसतो. रुळावर बसलेला आहे, हातात काही नाही. पण त्याच व्हिडिओत दुसरा एक जण खडी उचलून फेकताना दिसतो. चेहरा नाही दिसत, पण शर्टावरून मला तो आमच्याच गल्लीतला वाटतो, आणि त्याची आई माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकते. नवरा म्हणतो, डिलीट करून टाक, भानगड नको. सासरे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी रोज रात्री तो व्हिडिओ पाहते. गणपतीत ताशा वाजला की छातीत धस्स व्हायचं. लेक गॅलरीत जात नाही. विचारते, पोलीस वाईट असतात का? सोसायटीच्या ग्रुपवर अजून भांडणं चालू आहेत आणि मला कुठल्याच बाजूने बोलता येत नाही. काय करू?

– एक आई, बदलापूर

ताई,

आधी व्हिडिओचं बघू. बाकीच्या गोष्टींना वेळ लागणारच आहे, याला लावून चालणार नाही.

डिलीट करू नका. नवरा घाबरलाय ते समजतं, पण एक लक्षात घ्या. काकूंना माहीत आहे, म्हणजे निम्म्या इमारतीला माहीत आहे. उद्या कुणी विचारलं आणि तो नसला, तर ‘का पुसला’ हा प्रश्न ‘काय होतं त्यात’पेक्षा जास्त त्रास देईल. आणि कोर्टात पुरावा म्हणून लागेल हे माहीत असताना तो पुसून टाकणं हा वेगळा गुन्हा आहे. भानगड नको म्हणून जे करायला निघालात, त्यातूनच भानगड उभी राहील.

कापूही नका. ‘काकूंच्या मुलापुरता तुकडा काढून देते, दुसरा मुलगा वगळते’ असं मनात आलं असेल तर ते झटका. कापलेला व्हिडिओ समोरचा वकील दोन मिनिटांत निकामी करतो आणि मग ज्याला वाचवायला निघालात त्याचंच नुकसान होतं. मूळ फाईल फोनमध्ये जशीच्या तशी राहू द्या. तिची एक प्रत केबलने कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठवून ‘सेव्ह केला’ म्हणू नका; त्यात फाईल बारीक होते आणि कधी, कोणत्या फोनवर काढला याची मूळ नोंद जाते. असा पुरावा कोर्टात द्यायचा तर नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यासाठी मूळ फोन महत्त्वाचा. निदान वर्षभर तरी तो फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका. दिवाळीच्या ऑफर येतील, मोह आवरा.

आता काकू. त्यांना व्हिडिओ देऊ नका. त्यांच्या वकिलाला दाखवा. हे मी मुद्दाम वेगळं सांगतेय, कारण उल्हासनगर आणि कल्याणच्या कोर्टांत मी बरीच वर्षं काळा कोट घालून उभी राहिले आहे आणि आईच्या हाती पुरावा लागला की तो संध्याकाळपर्यंत चाळीस फोनमध्ये पोचतो हे पाहिलंय. दुसरं कारण त्याहून मोठं. काकूंना वाटतंय की हा व्हिडिओ म्हणजे मुलाची सुटका. तसं सरळ नाही. त्याच्या हातात दगड नाही हे त्यातून दिसतं, पण तो रुळावर बसलाय हेही दिसतं. रुळावर बसून गाडी अडवणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १७४ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. त्या दिवशी तीनशेहून अधिक जणांवर गुन्हे दाखल झाले, सत्तरच्या आसपास माणसं पकडली. त्यात स्टेशनातलं प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे आणि बाहेरचं शहर पोलिसांकडे. काकूंच्या मुलावर नेमकी कुणी, कोणती कलमं लावलीत, त्यावर हा व्हिडिओ त्याला तारेल की बुडवेल हे ठरणार. नुसतं रूळ अडवल्याचं कलम असेल तर व्हिडिओ पेटीत राहिलेलाच बरा. दंगल आणि पोलिसांवर हल्ल्याची कलमं असतील, तर ‘बसला होता, रिकाम्या हाताने बसला होता’ हे सोन्यासारखं आहे. हा हिशोब वकिलाने मांडायचा. तुम्हीही नाही आणि काकूंनीही नाही. फक्त आरोपपत्र कोर्टात जायच्या आधी वकिलाने तो पाहिलेला असावा. या आठवड्यात फोन करा.

पोलिसांनी मागितला तर? लेखी नोटीस मागा, प्रत द्या, पोच घ्या. फोनच जप्त करायचा म्हणाले तर पंचनामा झाल्याशिवाय हातातून सोडू नका. नम्रपणे, चहा विचारून, पण सोडू नका. जबाबासाठी तुम्हाला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. साक्षीदार म्हणून बाईचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असं फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १७९ सांगतं. साठीच्या पुढच्या माणसांनाही तेच, म्हणजे सासऱ्यांचाही प्रश्न मिटला; जबाबासाठी त्यांना ठाण्याची पायरी चढावीच लागणार नाही. जबाब लिहून झाला की वाचून दाखवायला सांगा, चुकीचं असेल तिथे दुरुस्त करायला लावा, आणि त्यावर सही करू नका. पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. हे पुष्कळ शिकल्यासवरलेल्यांना माहीत नसतं आणि काही ठाण्यांतही सोयीस्करपणे विसरलं जातं.

आता त्या शर्टाकडे येते, कारण तुमची झोप मला वाटतं तिथे अडकली आहे.

पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘चेहरा नाही दिसत, पण शर्टावरून आमच्याच गल्लीतला वाटतो.’ या वाक्याचे दोन तुकडे करा. शर्ट तुम्ही पाहिला. नाव तुम्ही लावलं. तसा शर्ट अंबरनाथपासून कर्जतपर्यंत किती जणांच्या अंगावर असेल! साक्षीदाराचं काम पहिल्या तुकड्यापाशी संपतं. कुणी विचारलं की ‘दगड मारणारा कोण होता’, तर ‘अमुक रंगाचा शर्ट घातलेला एक जण, पाठमोरा, चेहरा दिसला नाही’ हे पूर्ण आणि खरं उत्तर आहे. त्यात तुम्ही काही लपवत नाही. उलट नाव घेतलंत तर न पाहिलेलं सांगितलंत. पुढे त्याला कुणी आणखी पुराव्याने ओळखलं तर तो त्यांचा आणि त्याचा प्रश्न. त्याच्या आईला व्हिडिओबद्दल सांगायला जाऊ नका, सावध करायला तर मुळीच नाही. ब्लाउज शिवून द्या, नेहमीसारखे पैसे घ्या.

कोर्टात मी जे साक्षीदार कोसळताना पाहिले ते बहुतेक खोटारडे नव्हते. त्यांनी पाहिलेल्याला ऐकलेलं चिकटलेलं असायचं. दंगलीच्या खटल्यात तर हे हटकून होतं. माणूस खिडकीतून तीन मिनिटं पाहतो, मग रात्रभर बातम्या, दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या गप्पा, आठवड्याने ग्रुपवरचे व्हिडिओ. दोन वर्षांनी तो पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याला स्वतःलाच उमगत नाही की तलवार त्याने पाहिली होती की भावोजींनी सांगितली होती. उलटतपासात वकील विचारतो, ‘तुमच्या खिडकीतून तो नाका दिसतो का हो?’ आणि संपलं. खरं पाहिलेलंही त्याच्याबरोबर वाहून जातं.

म्हणून आज रात्री एक काम करा. वही घ्या, मोबाईल नको. २० तारखेचा दिवस लिहून काढा, पण फक्त डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी थेट ऐकलेलं. वेळा घड्याळाच्या आठवत नसतील तर ज्या आठवतात त्या लिहा: दूध आलं तेव्हा, लेकीला जेवायला वाढलं तेव्हा, लाइट लावले तेव्हा. हवालदाराचा रुमाल कोणत्या हातात होता. जिन्यातला मुलगा काही बोलला का, की फक्त दार वाजवलं. बातम्यांतून कळलेलं एक अक्षरही नको. खाली तारीख घाला, वही कपाटात टाका. त्यानंतर तो व्हिडिओ पाहायचा नाही. रोज पाहून तुम्ही काही नवं शोधत नाही आहात, तीच चार मिनिटं अंगात मुरवून घेताय, आणि दर वेळी त्यात थोडं थोडं आणखी काही दिसायला लागेल. ताशाने धस्स होणं हे शरीराचं काम आहे. एवढं जवळून पाहिल्यावर काही आठवडे ते होतंच आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. दिवाळीतल्या फटाक्यांना कसं वाटतंय ते बघा. तोवर झोप उडालेलीच असेल, स्वयंपाकात लक्ष लागत नसेल, तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. ‘तुला काय वेड लागलंय का’ असं सासरे म्हणतील. म्हणू देत.

लेकीचं. तिला काय सांगायचं, हा तुमचा प्रश्न. मी आधी विचारीन, तिने काय पाहिलं ते तुम्ही तिला विचारलंत का? आपण मुलांना घाईघाईने समजावतो, आणि त्यात त्यांना ठाऊक नसलेल्या दोन-चार भयंकर गोष्टी आपणच सांगून बसतो. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना, तिच्याकडे न बघता विचारा, ‘त्या दिवशी तुला गॅलरीतून काय काय दिसलं गं?’ आणि गप्प बसा. ती सांगेल ते दुरुस्त करू नका. कदाचित तिच्या डोक्यात दगडही नसेल आणि लाठीही नसेल, तुम्ही पायरी पुसत होतात तेवढंच असेल. ते रक्त कुणाचं होतं, तो दादा मेला का, हा प्रश्न ती महिनाभर पोटात घेऊन हिंडत असेल तर मला नवल वाटणार नाही. खरं तेवढं सांगा: ‘एका दादाला लागलं होतं. तो स्वतःच्या पायांनी चालत गेला. कुठे गेला ते मला माहीत नाही.’ मुलांना ‘माहीत नाही’ चालतं. थाप चालत नाही, ती त्यांना बरोबर कळते.

‘पोलीस वाईट असतात का’ याचं उत्तर तुमच्या स्वतःच्या पत्रातच आहे. तुम्ही दोन पोलीस पाहिलेत, एक काठी चालवणारा, एक कपाळ धरून बसलेला. दोन्ही सांगा. कदाचित तो एकच माणूस असेल, तेही सांगायला हरकत नाही. आठ वर्षांच्या मुलीला दोन्ही एकदम पेलतात. मोठ्यांनाच पेलत नाहीत, तुमचा सोसायटीचा ग्रुप बघा.

त्या दोन मुलींबद्दल ती विचारेल. विचारलं नसलं तरी शाळेत कानावर गेलेलं आहेच, हे धरून चाला. तिला तपशील नकोत. ‘एका मोठ्या माणसाने लहान मुलींना नको तिथे हात लावला, त्यांना दुखवलं. त्यांनी आईला सांगितलं, ते फार शहाणपणाचं केलं. तूही सांगायचं, कुणीही असो, मामा असो, सर असो, मी तुझ्यावर ओरडणार नाही.’ एवढं. आणि सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसाच्याच गोळीने मेला, हेही तिने ऐकलं असणार. ‘आता संपलं ना?’ असं विचारलं तर हो म्हणू नका. त्याने पिस्तूल हिसकावलं असं पोलीस सांगतात, उच्च न्यायालयाने त्यावर प्रश्न विचारलेत. हे सगळं तिला नको, पण ‘खटला चालून न्यायाधीशांनी ठरवायचं होतं, ते राहिलं’ हे तिला समजेल. आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी समजलं नाही.

गॅलरीत जात नसेल तर ओढू नका. तुम्ही कपडे वाळत घाला, चिमटे तिला द्यायला लावा, आधी दारातून, मग उंबऱ्यावरून. ती अंथरूण ओलं करत असेल, शाळेत जायला रडत असेल आणि दिवाळीनंतरही तसंच राहिलं, तर बालमानसतज्ज्ञांकडे न्या. एरवी थांबा.

जिन्यातल्या मुलाबद्दल तुम्ही मला काही विचारलेलं नाही. नुसतं लिहिलंत. म्हणून दोन शब्द बोलते, नको असतील तर सोडून द्या. घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस असताना अनोळखी, रक्ताने भरलेल्या मुलाला दार उघडलं नाही याबद्दल तुम्हाला कुणी बोल लावू शकणार नाही. सासऱ्यांनाही लावू नका. त्यांनी १९९२-९३ ची मुंबई पाहिली असेल तर तो आडवा हात कुठून आला हे मला कळतं. पण ‘काहीच करता येत नव्हतं’ असंही मी म्हणणार नाही. पाण्याची बाटली आणि स्वच्छ फडकं साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून देता आलं असतं. जखमीला पाणी देणं हा गुन्हा नाही. गुन्हेगार आहे हे माहीत असताना त्याला वाचवायला घरात लपवणं हा गुन्हा. या दोहोंत पुष्कळ अंतर आहे आणि माणसं भीतीने ते पुसून टाकतात. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला पार्किंगच्या रंगाऐवजी हा विषय काढा: खाली वॉचमनच्या केबिनमध्ये मलमपट्टीची पेटी, पिण्याचं पाणी, १०८ चा नंबर भिंतीवर. मोर्चाला नाही लागलं तर कुणाच्या गुडघ्याला लागेल.

ग्रुपचं शेवटी ठेवलं, कारण त्याला मी सगळ्यात कमी किंमत देते. तिथे दोन तट पडलेत हे तुम्ही न सांगताही कळतं. एक म्हणतो, बाहेरून माणसं आणली होती. तसं तेव्हा मुख्यमंत्रीही म्हणाले होते. दुसरा म्हणतो, निष्पाप लोकांना झोडपलं. तुम्ही सकाळी गेटवर होतात. तिथल्या बायका बाहेरच्या नव्हत्या हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकता, आणि ते सांगायला हवं. संध्याकाळी रुळांवर कोण होतं हे तुम्हाला माहीत नाही, आणि ग्रुपवरच्या कुणालाच माहीत नाही. मग त्यावर नाही बोलायचं. ‘मला कुठल्याच बाजूने बोलता येत नाही’ असं तुम्ही लिहिलंत, जणू तो दुबळेपणा आहे. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी वीसहून जास्त पोलीस जखमी झाले, आणि ज्यांनी काही केलं नाही अशांच्या पाठीवरही वळ उठले असतील. यातली एक गोष्ट खरी असायला दुसरी खोटी असावी लागत नाही.

माझं मत विचाराल तर सांगते, ग्रुपवर माझ्या नावाने टाकू नका. तो राग रास्त होता. तक्रार घ्यायला झालेल्या दिरंगाईबद्दल उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना फैलावर घेतलं, दुसऱ्या मुलीकडच्यांचा जबाब वेळेत का घेतला नाही हेही विचारलं. मंगळवारी रूळ अडले नसते तर गुरुवारी हे झालं असतं का, याबद्दल मला शंका आहे. आणि तरीही, जवळजवळ दहा तास लोकल बंद होती तेव्हा त्या गाड्यांत कुणी केमोथेरपीला निघालं होतं, कुणाची रोजंदारी बुडाली, कुणी बाळंतीण वांगणीला अडकली असेल. ती माणसंही आपलीच. खडी उचलणाऱ्याला मी माफ करत नाही, गल्लीतला असो की बाहेरचा. मेल-एक्स्प्रेस पनवेलमार्गे वळवता येतात. बदलापूरकराला वळायला दुसरा मार्ग नाही, हे आपल्याहून जास्त कुणाला ठाऊक आहे?

एका बाबतीत मात्र ग्रुपवर गप्प राहू नका. त्या मुली कोणत्या भागात राहतात, वडील काय करतात, कुणाच्या नात्यातल्या, अशी माहिती कुणी टाकली तर तिथल्या तिथे काढायला लावा. पीडित मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि ‘फक्त आपल्या ग्रुपमध्ये’ असं काही नसतं. अॅडमिनने ऐकलं नाही तर स्क्रीनशॉट काढून ठेवते असं सांगा. लगेच ऐकतो.

शेवटच्या ओळीत, सहीच्या वर, तुम्ही पेन्सिलीने लिहून खोडलंय, पण वाचता आलं: ‘पुन्हा असं काही झालं तर जाऊ का?’

जा की. गेटवर तुम्ही गेलात ते बरोबरच होतं. शांतपणे जमून बोलायचा हक्क आपल्याला घटनेने दिलाय, कलम १९. तो वापरला नाही तर गंजतो. फक्त कधी परतायचं याचं भान ठेवा, आणि ते तुम्हाला आहे, या वेळी तुम्ही वेळेत परतलात. आजूबाजूचे चेहरे बदलले, बायका कमी झाल्या, कुणी तोंडाला रुमाल बांधायला लागलं, पोलीस भोंग्यावरून पांगायला सांगू लागले की निघायचं, ‘दोन मिनिटं बघते’ म्हणून रेंगाळायचं नाही. जमाव बेकायदेशीर ठरला की त्यातल्या एकाने केलेलं सगळ्यांच्या माथी येऊ शकतं. नुसता बघ्या हा त्या जमावातला ठरत नाही असं कोर्टांनी पुष्कळदा सांगितलंय, पण ते सिद्ध होईपर्यंत बघ्या आत असतो. काकूंच्या मुलाला विचारा. फोन चार्ज असू द्या, एक नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, कारण इंटरनेट बंद होतं हे आपण त्या वेळी पाहिलंच. लेकीला नेऊ नका, निदान अजून चार-पाच वर्षं. आणि सासऱ्यांना सांगून जा, न सांगता नको.